बावखल, ओढा आणि झाडावरचा बेडूक

वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेस माणिकपूर वसले आहे आणि पूर्वेस, मुंबई-अहमदाबाद महामार्गापलीकडे, तुंगारेश्वराचा डोंगर उभा आहे. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून तुटून कोकणपट्टीत पुढे आलेल्या या डोंगराचे सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे जंगल २००३ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. पावसाळा सुरू झाला की त्याच्या घळींतून ओढे वाहू लागतात. इकडे माणिकपूरच्या पश्चिमेला केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांतून गोड्या पाण्याची जी जुनी तळी आहेत, ज्यांना वसईकर बावखल म्हणतात, तीही भरू लागतात. डोंगरातला ओढा आणि वाडीतले बावखल यांत तसे साम्य थोडे. पण दोन्ही ठिकाणी रात्री एकच प्राणी बोलतो. त्याच्या बोलण्याकडे लक्ष देण्याची सवय मात्र समाजाला राहिलेली नाही.

मराठी भाषेने बेडकाला कधी फारसा मान दिला नाही. संकुचित दृष्टीच्या माणसाला कूपमंडूक म्हणावे, ऐपतीबाहेर मिरवणाऱ्याला फुगून बैल होऊ पाहणाऱ्या बेडकीची गोष्ट सांगावी, निरर्थक बडबडीला डराव डराव म्हणावे, एवढाच त्याचा उपयोग. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात एक संपूर्ण सूक्त बेडकांवर आहे आणि पहिल्या पावसानंतर उठणारा त्यांचा घोष तेथे मंत्रपठण करणाऱ्या ब्राह्मणांच्या घोषाशी ताडून पाहिला आहे, हे संस्कृतच्या अभ्यासकांपलीकडे कोणाच्या ध्यानात नसते. नंतरच्या काळात शाळा-महाविद्यालयांनी बेडकाला जवळ केले तेही मेणाच्या ताटलीत टाचण्या टोचून. पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी त्याचे हृदय तीन कप्प्यांचे असते हे स्वतःच्या हाताने पाहिले. तो कोणत्या झाडावर बसतो आणि अंडी कोठे घालतो, हे त्यांना कोणी विचारले नाही. पदवी अभ्यासक्रमातील प्राण्यांच्या विच्छेदनाला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली आळा घातला. ताटलीतला बेडूक गेला हे योग्यच झाले; तथापि त्याच्या जागी झुडपातला बेडूक आला, असे मात्र घडले नाही.

वस्तुतः हा झुडपातला बेडूक ताटलीतल्या बेडकापेक्षा कितीतरी अधिक कुतूहलाचा विषय आहे. वसईसारख्या सखल प्रदेशात जो झाडबेडूक सर्रास आढळतो, तो केळीच्या पानांच्या बेचक्यात, विहिरीच्या कठड्याशी आणि जुन्या घरांच्या न्हाणीघरातही दिसतो. त्याच्या बोटांच्या टोकांना चपट्या चकत्या असतात आणि त्यांच्या आधाराने तो उभ्या भिंतीवरही सहज बसतो. पावसाळ्यात त्याची मादी पाण्यावर झुकलेल्या फांदीवर किंवा टाक्याच्या भिंतीवर फेसाचा गोळा तयार करते आणि त्यात अंडी घालते. बाहेरचा फेस वाळून पापुद्रा धरतो, आतला ओला राहतो. काही दिवसांनी शेपटीवाली पिले बाहेर पडून थेट खालच्या पाण्यात टपकतात. ही सारी योजना दोन गोष्टींवर अवलंबून आहे : वर झाड हवे आणि त्याच्या बरोबर खाली पाणी हवे. बावखलाच्या काठाने या दोन्ही गोष्टी त्याला आजवर पुरवल्या.

घाटमाथ्यावर हाच व्यवहार वेगवेगळ्या रीतींनी चालतो. आंबोलीच्या जंगलात आढळणारा हिरवागार उडता बेडूक पश्चिम घाटाखेरीज जगात कोठेही नाही. बोटांमधील नारिंगी पडदे पसरून तो एका झाडावरून दुसऱ्याकडे नऊ-दहा मीटरपर्यंत तरंगत जातो. तोही पाण्यावर लोंबणाऱ्या पानांत फेसाचे घरटे करतो. परंतु त्याच्याच दूरच्या नात्यातील काही चिमुकल्या बेडकांनी तळ्याची आणि ओढ्याची गरजच संपवून टाकली आहे. झुडूपबेडूक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जातींची लांबी सामान्यतः दोन-तीन सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढी. त्यांची मादी ओलसर पानांवर किंवा जमिनीलगतच्या दमट जागी मोजकीच अंडी घालते. पोहणाऱ्या पिलाची अवस्था अंड्याच्या आतच उरकली जाते आणि बाहेर येतो तो चार पायांचा, नखाएवढा पूर्ण बेडूक. पाण्याऐवजी त्याला हवेतला ओलावा पुरतो. मात्र तो ओलावा अखंड हवा. झाडांची सावली गेली, पालापाचोळा वाळला, पावसात मोठा खंड पडला, की शेजारून ओढा वाहत असला तरी त्या अंड्यांना त्याचा उपयोग नाही.

यांपैकी एका जातीच्या नावात मुंबई आहे, आणि त्या नावाची हकीकत मोठी मार्मिक आहे. कलकत्त्यास १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन ॲननडेल यांनी १९१९ साली एका झुडूपबेडकाला ‘बॉम्बेएन्सिस’ असे नाव दिले. हा बेडूक मुंबईत सापडला नव्हता. तो सापडला कॅसलरॉकला, गोव्याहून घाट चढून येणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर. उत्तर कन्नड जिल्हा त्या काळी मुंबई इलाख्यात होता, म्हणून बेडकाच्या नावात मुंबई आली. पुढे इलाखा गेला, राज्यपुनर्रचना झाली, कॅसलरॉक कर्नाटकात राहिले. बेडकाच्या नावातला इलाखा मात्र कायम आहे. त्याच्या कुलनामातही असाच इतिहास दडला आहे. २०१० साली या गटाला ‘राओरकेस्टेस’ असे नाव देण्यात आले ते सी. आर. नारायण राव यांच्या स्मरणार्थ. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे हे प्राध्यापक दक्षिणेतील बेडकांचे आद्य भारतीय अभ्यासक आणि ‘करंट सायन्स’ या नियतकालिकाचे पहिले संपादक होते.

महाराष्ट्रातही हे काम बव्हंशी वर्गात शिकवणाऱ्या आणि सुटीत डोंगर चढणाऱ्या माणसांनी केले आहे. कोयनेच्या परिसरातील एका पिवळसर भेकाचे वर्णन पी. डब्ल्यू. सोमण यांनी १९६३ साली केले. त्याचा आंबोलीतील भाऊबंद २००९ साली प्रथमच शास्त्राच्या नोंदीत आला; त्याच वर्षी आंबोलीचे नाव धारण करणाऱ्या एका झुडूपबेडकाचीही नोंद झाली. २०१३ साली पुण्याच्या गरवारे महाविद्यालयातील आनंद पाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या घाटातील आणखी एक झुडूपबेडूक वेगळा म्हणून ओळखला आणि त्याला ‘घाटेई’ हे नाव दिले. मॉडर्न महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणारे हेमंत घाटे यांच्या गौरवार्थ हे नाव आहे. एका शिक्षकाने आपल्याच व्यवसायातील दुसऱ्याचा मान केला तो असा.

नाव देण्याचा हा खटाटोप केवळ विद्वानांच्या हौसेचा नाही, हे सरकारी कचेरीत काम करणाऱ्या कोणासही सहज पटेल. ज्याची नोंद नाही ते कागदावर अस्तित्वातच नसते. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा अनुसूचींवर चालतो आणि अनुसूची नावांवर चालते. एखाद्या प्रकल्पाच्या परिणामांचा अहवाल तयार होतो तेव्हा त्यात त्या जागेतील प्राण्यांची यादी जोडली जाते. त्या यादीत नसलेला प्राणी हरकत घेऊ शकत नाही. आंबोलीचा झुडूपबेडूक २००९ पूर्वीही त्या धुक्यात ओरडतच होता. त्याच्या आवाजाला दप्तरी किंमत आली ती नाव मिळाल्यानंतर.

ओढ्याकाठच्या एका बेडकाच्या नावात तर वसई-मुंबईच्या पट्ट्याला विशेष आपुलकी वाटावी असा माणूस आहे. पश्चिम महाराष्ट्राच्या डोंगरी ओढ्यांत राहणाऱ्या एका निशाचर बेडकाला भादुरी आणि कृपलानी या संशोधकांनी १९५५ साली ‘हुमायुनी’ हे नाव दिले. हे हुमायून म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ज्येष्ठ कार्यकर्ते आणि पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली. हा बेडूक झाडबेडकांच्या कुळातला नव्हे, पण त्याचा संसार तितकाच पानावर अवलंबून आहे. भर पावसात, अंधाऱ्या रात्री, नर ओढ्यावर झुकलेल्या पानावर बसून साद घालतो. मादी तेथे येऊन अंडी घालते आणि पिले खालच्या प्रवाहात पडतात. कोयनेजवळच्या हुंबरळी येथे पावसाळ्यातील अनेक रात्री जागून संशोधकांनी केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. बेडकांच्या मीलनाच्या सहा पद्धती शास्त्राला ठाऊक होत्या. या बेडकाची पद्धत सातवी ठरली. या जातीची मादीही आवाज करते, आणि बेडकांत तीही दुर्मीळच गोष्ट. नाव मिळाल्यावर साठ वर्षे गेली, तेव्हा कोठे या बेडकाचे घरगुती आयुष्य माणसाला कळले.

अब्दुलअली यांनी बेडकांसाठी जे केले ते मात्र डोंगरातल्या नव्हे, शेतातल्या बेडकासाठी. पहिल्या पावसात पिवळाधमक होऊन, गळ्याशी निळ्या पिशव्या फुगवून ओरडणारा मोठा बेडूक भातखाचरांतून आणि डबक्यांतून पोत्यांनी भरून नेला जात असे. त्याच्या मागच्या दोन तंगड्या गोठवून अमेरिकेत आणि युरोपात पाठवल्या जात. उरलेले शरीर फेकून दिले जाई. १९८१ साली भारतातून ४,३६८ टन तंगड्या निर्यात झाल्याची नोंद आहे. एवढ्या तंगड्यांसाठी किती बेडूक मारले गेले असतील आणि ते जिवंत राहते तर शेतातले किती किडे त्यांनी खाल्ले असते, हा हिशेब अब्दुलअली यांनी सरकारपुढे आणि सोसायटीच्या नियतकालिकातून मांडला. निर्यातीतून मिळणारे परकीय चलन आणि कीटकनाशकांवर होणारा खर्च यांची सांगड घालणारा त्यांचा युक्तिवाद साधा होता, म्हणूनच तो कारकुनालाही कळला आणि मंत्र्यालाही. १९८५ साली या बेडकाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले आणि १९८७ साली भारताने निर्यात बंद केली. पुढे बांगलादेशानेही तेच केले आणि मागणीचा भार इंडोनेशियावर गेला. पावसाळ्यात चोरून होणारी शिकार पूर्णपणे थांबली असे नाही; तथापि पोती भरून होणारा राजरोस संहार थांबला, ही लहान गोष्ट नव्हे.

त्या लढ्यात एक सोय होती. बेडूक मारणारा हात दिसत होता, बंदर ठरलेले होते, आकडा कस्टमच्या वहीत होता, आणि एका आदेशाने सारे थांबवता येत होते. आजच्या संकटाला तसा हात नाही, बंदर नाही, वही नाही. बावखल भरून टाकणारा माणूस बेडकाचा शत्रू नसतो. त्याच्या मुलाला घर हवे असते, किंवा शेतीत उरले नाही म्हणून जमीन विकायची असते. २००९ साली वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व काही गावे मिळून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांच्या घरात होती. मुंबईत घर परवडत नाही म्हणून येथे आलेल्या शिक्षकाला आणि कारकुनाला, तुमच्या घराखाली एके काळी बेडूक राहत होते असे सुनावण्यात अर्थ नाही. डोक्यावर छप्पर हवे ही मागणी रास्त आहे, आणि ती रास्त आहे हे मान्य करूनच पुढचे बोलावे लागते.

पुढचे बोलणे असे की, बावखल बेडकासाठी खोदलेले नव्हते. ते वाडीवाल्याने वाडीसाठी खोदले होते. समुद्र आणि खाडी यांच्या मध्ये वसलेल्या या भूमीत पावसाचे गोडे पाणी जमिनीत मुरवणे आणि खाऱ्या पाण्याला मागे रेटणे, हे काम ही तळी पिढ्यान्‌पिढ्या करीत आली. जोराच्या पावसात ती जादा पाणी पोटात घेतात, उन्हाळ्यात विहिरींना पाणी देतात. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरार परिसर दिवसचे दिवस पाण्याखाली होता आणि उपनगरी गाड्या थांबल्या होत्या. पाणी साठण्याच्या जागा बुजल्या की पाणी घरांत साठते, हे समजायला तज्ज्ञाची गरज लागत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन उभे राहिले तेव्हा पाण्याचा आणि हिरवाईचा हाच मुद्दा त्याच्या मुळाशी होता. बेडकाचा प्रश्न त्या मोठ्या प्रश्नाहून वेगळा नाही. फरक इतकाच की बेडकाला तो माणसाआधी कळतो. त्याची त्वचा पातळ आणि सच्छिद्र असते. तिच्यातून तो पाणी घेतो, काही प्रमाणात श्वासही घेतो. पाण्यातले विष, हवेतली कोरड आणि तापमानातला फरक त्याच्या शरीरात विनाअडथळा शिरतो.

जगभरचा अनुभव या बाबतीत सावध करणारा आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या डोंगरी ओढ्यांत एक बेडूक होता. त्याची मादी फलित अंडी गिळून पोटात वाढवी आणि पिले तोंडावाटे बाहेर सोडी. तेवढा काळ जठरातील आम्ल स्रवणे थांबे. शास्त्राने त्याचे वर्णन १९७३ साली केले. आम्ल थांबवण्याची ती युक्ती माणसाच्या जठरविकारांवर उपयोगी पडेल या आशेने अभ्यास सुरू झाला, पण १९८१ नंतर तो निसर्गात कोणाला दिसला नाही. मध्य अमेरिकेत कोस्टारिकाच्या ढगाळ डोंगरावरील सोनेरी भेक १९८९ साली अखेरचा दिसला. अनेक देशांतील डोंगरी बेडकांचा नाश करणारी एक बुरशी पुढे शास्त्रज्ञांनी ओळखली. तिचे अस्तित्व पश्चिम घाटातील बेडकांतही आढळले आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत आठ हजारांहून अधिक उभयचर जातींपैकी सुमारे ४१ टक्के संकटात असल्याचे दिसून आले. पृष्ठवंशीय प्राण्यांच्या कोणत्याही अन्य वर्गाची स्थिती इतकी वाईट नाही.

मग माणिकपूरसारख्या गावाने करावे काय? मोठे काही नव्हे. पहिली गोष्ट, उरलेल्या प्रत्येक बावखलाची जमिनीच्या दप्तरात आणि विकास आराखड्यात पाणथळ जागा म्हणून स्पष्ट नोंद व्हावी. कारण बेडकाप्रमाणेच तळ्यालाही नावाशिवाय संरक्षण नाही. दुसरी गोष्ट, ज्या बावखलांची डागडुजी होईल तेथे चारही बाजूंना काँक्रीटच्या भिंती आणि फरशी घालून त्याला हौद करू नये. काठावरची झाडे पाण्यावर झुकलेली राहू द्यावीत; फेसाचे घरटे लटकते ते त्याच फांद्यांना. तिसरी गोष्ट तुंगारेश्वराची. चिंचोटीच्या धबधब्यावर आणि देवळाच्या वाटेवर पावसाळ्यात गर्दी लोटते. त्या गर्दीने ओढ्याच्या काठची झुडपे, दगड आणि पालापाचोळा जागच्या जागी ठेवला आणि प्लास्टिक परत नेले, तरी पुष्कळ साधेल. अभयारण्याची सीमा नकाशावर वनखाते आखते. ओढ्याच्या काठची दहा पावलांची ओल राखणे हे तेथे जाणाऱ्याच्याच हाती असते.

चौथी गोष्ट शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या वाट्याची आहे, आणि कदाचित तीच सर्वांत महत्त्वाची. वसईत महाविद्यालये आहेत, शाळा तर शेकड्यांनी आहेत. विच्छेदनाचा तास गेला. त्या तासाच्या जागी पावसाळ्यातील एक संध्याकाळ ठेवता येईल. कोणत्या बावखलावर कोणता बेडूक ओरडतो, फेसाची घरटी किती दिसली, गेल्या वर्षीपेक्षा अधिक की उणी, एवढीच नोंद दरवर्षी, त्याच ठिकाणी, त्याच आठवड्यात वहीत करावी. त्याला बेडूक पकडावा लागत नाही, उपकरण लागत नाही. विजेरी, छत्री आणि थोडा धीर पुरतो. दहा वर्षांनी ती वही विकास आराखड्याच्या सुनावणीत ठेवण्याजोगा दस्तऐवज होईल. घाटातले बेडूक शास्त्राच्या नोंदीत आले ते अशाच वह्यांतून, अशाच शिक्षकांच्या हातून.

बेडकाच्या बाजूने बोलणाऱ्यास पुष्कळदा विचारले जाते की, माणसाचे प्रश्न संपले काय? ते संपलेले नाहीत. परंतु पिण्याचे पाणी, पुराचे पाणी आणि विहिरीत शिरणारे खारे पाणी हे माणसाचेच प्रश्न आहेत, आणि ज्या काठावर ते सुटू शकतात त्याच काठावर बेडूक अंडी घालतो. विहिरीतल्या बेडकाला विहिरीपलीकडचे दिसत नाही म्हणून भाषेने त्याला हिणवले. विहीर आटू लागली आहे हे मात्र त्याला सर्वांत आधी कळते. आणि ज्या वर्षी त्याचा आवाज ऐकू येणार नाही, त्या वर्षी विहिरीत डोकावून पाहण्याचे शहाणपण विहिरीबाहेरच्यांनी दाखवले पाहिजे.